सोलापूरच्या भिंती वाचायला कोण येतंय?

साखरपेठी

नमस्कार. परवा वळवाची सर आली तेव्हा मी एका मिलच्या मागच्या गल्लीत अडकले होते. पत्र्याखाली उभी होते. समोरची भिंत मी शंभर वेळा पाहिली असेल. मळकी, पोपडे सुटलेली, खाली पानाच्या पिचकाऱ्या. पण ती भिजली तशी तिच्यावर अक्षरं वर यायला लागली. आधी एक ‘ळ’, मग एक वेलांटी, मग जवळजवळ अख्खी ओळ. हातभर उंचीची, पेंटरनं लिहिलेली देवनागरी. मोबाईल पिशवीतून काढेपर्यंत दोन फोटो मिळाले. ऊन पडलं आणि अर्ध्या तासात भिंत पुन्हा कोरी झाली.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आपल्या गावात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. गिरण्यांच्या भोवती चाळी, चाळींच्या भोवती दुकानं, आणि दुकानांच्या, खाणावळींच्या, तालमींच्या भिंतींवर रंग. गिरण्या थांबल्या, पण भिंती अजून बऱ्याच उभ्या आहेत. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन दाखवतो, चादर आणि शेंगाचटणी बांधून देतो. कन्ना चौकातून अशोक चौकापर्यंत त्याला पायी कोणी नेत नाही. त्या वाटेवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार लिप्या आहेत. कुठं लाल बावट्याचा कोयता-हातोडा, कुठं तालमीवरचा मारुती, कुठं चार हुतात्म्यांचे चेहरे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, हे मी शाळेत शिकायच्या आधी एका भिंतीवर वाचलं होतं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या भागातल्या मंडळाच्या पोरांना भिंती रंगवायला रंग मिळालेत. पोरं उत्साहात आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण बेस मारण्याआधी त्या भिंतीखाली काय आहे ते कोणीतरी बघायला हवं. मागच्या वर्षी अशीच एक भिंत गेली. विडीची जाहिरात होती. डोक्यावर पदर घेतलेली, मांडीवर सूप घेतलेली बाई, आणि खाली तेलुगूत दोन ओळी. एका दुपारी पांढरा रंग फिरला. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही, याचं अजून वाईट वाटतं.

रविवारी सकाळी साडेसहाला मी निघणार आहे. सोबत कोण येतंय?

होटगीरोड

मी येतो. कॅमेरा आहे. इतक्या सकाळी का पण?

पेंटर_३८वर्षे

ताई, सकाळी जायचं ते बरोबर आहे. ऊन तिरकं पडलं की ब्रशचा फटका दिसतो. रंगाचा थर कागदाएवढा असला तरी त्याला कड असते, त्या कडेची सावली पडते. बारा वाजता गेलात तर काही दिसणार नाही.

भिजल्यावर अक्षर का दिसतं तेही सांगतो. वरचा चुना आणि जुना रंग भुकटी झालेला असतो, त्यामुळं भिंत पांढुरकी दिसते. पाणी लागलं की ती भुकटी पारदर्शक होते आणि खालचा थर कळतो. पाणी मारायचं झालं तर फवाऱ्यानं, हलकं. पाईप लावू नका, उरलेलं पण धुऊन जाईल.

मी सातवीनंतर उस्तादांच्या हाताखाली लागलो. पहिलं वर्षभर डबे धुणं आणि सूत मारणं. सूत म्हणजे निळीत बुडवलेली दोरी. दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे झटका द्यायचा, भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग खडूनं अक्षर मांडायचं. मोठं चित्र असलं की कागदावर चौकोन, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन उचलायचा. टॉकीजची बॅनरं अशीच व्हायची. शिरोरेघेची जाडी आणि काना याचा मेळ बसला की म्हणायचे, पोराचा हात बसला.

तेलुगू मला वाचता येत नाही, पण आयुष्यात शेकडो पाट्या तेलुगूत लिहिल्यात. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर लिहून द्यायचं, मी ते चित्रासारखं काढायचो. चुकू नये म्हणून शेजारच्या अक्काला बोलावून वाचून घ्यायचो. त्या ‘सरी’, म्हणजे बरोबर, म्हणाल्या की मग शेड, म्हणजे अक्षराच्या कडेची सावली, द्यायची.

फोटो काढताना एक बघा. तांबडा इनॅमल आधी उडतो, पिवळाही टिकत नाही. काळा राहतो, आणि गेरू तर राहतोच राहतो. त्यामुळं आज जे काळं दिसतंय ते बहुतेक शेड असते, अक्षराचं अंग उडालेलं असतं. अक्षर त्या काळ्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत शोधा.

फ्लेक्स आला आणि आमचं काम दोन-चार वर्षांत बसलं. मी आता घरं रंगवतो. उस्ताद राहिले नाहीत. त्यांनी लिहिलेली एक भिंत भवानी पेठेत आहे. रविवारी मी दाखवतो.

कामगारपोर

सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो. माझे वडील तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मिलमधल्या मागावर, होते. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. देणी मिळता मिळता किती वर्षं गेली आणि त्यातलं किती हातात आलं, ते इथं काढत नाही. आईनं विड्या वळल्या. रोज हजार. माझ्या दोन्ही बहिणी शाळेतून आल्या की पानं कापायला बसायच्या.

आता त्याच भिंतींसमोर उभं राहून लोक फोटो काढणार, ‘वा, काय पोत आहे’ म्हणणार. पोपडे सुटलेली भिंत तुम्हाला सुंदर दिसते, मला ती बंद पडलेली दिसते. उद्या कोणी येऊन तिच्यावर मोर काढला तरी आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनीच येणार. राग मानू नका, पण हे कोणीतरी बोलायला हवं होतं.

साखरपेठी

राग कसला? हे बोललात ते बरं झालं. माझी आजी पण विड्या वळायची, तिच्या बोटांना वास असायचा तो अजून आठवतो.

भिंत सुंदर आहे म्हणून मी जात नाही. तिथं काहीतरी लिहिलेलं आहे, आणि ते वाचता येणारी माणसं कमी होत चाललीत. तुमच्या वडिलांसारखी. ते पुसलं तर मिल होती, तिथं माणसं राबली, याचा आणखी एक पुरावा जाईल. पाण्याचं म्हणाल तर ते पाच दिवसांनीच येईल, हे मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पूर्वभाग_तेलुगूमराठी

पेंटरकाका, तुमचे चौकोन वाचले आणि नान्नांचं टेबल डोळ्यांसमोर आलं. नान्ना म्हणजे माझे वडील. ते जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरींचे डिझाईन काढायचे.

आमचं घर पद्मशाली. पणजोबा करीमनगरकडून हातमागासाठी इथं आले. नान्ना चौकोनी कागदावर फूल काढायचे. साधं फूल नाही, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. चौकोन भरला तर धागा वर, रिकामा तर खाली. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पुठ्ठे ओळीनं बांधायचे आणि मागावर चढवायचे. मागाला कागद कळत नाही, त्याला फक्त भोक कळतं. मोराची मान गोल दिसायला हवी, पण चौकोनातून गोल येत नाही, पायऱ्या येतात. त्या पायऱ्या लांबून गोल वाटाव्यात यासाठी नान्ना आठ-आठ दिवस एकाच मानेवर बसायचे. घरात सोलापुरी चादर असेल तर आत्ता उलटून बघा. तेच फूल मागं उलट्या रंगात आहे.

माझं म्हणणं असं. पोरांना भिंत रंगवायचीच आहे तर मोर इंटरनेटवरून का घ्यायचा? आपल्या चादरीतला पायऱ्यांच्या मानेचा मोर घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आहे आपली, तिचा नक्षीकागद भिंतीएवढा मोठा करा. नाहीतरी तो चौकोनातच काढलेला आहे, पेंटरकाकांना उचलायला सोपा. नान्नांचे दीडशे-दोनशे कागद ट्रंकेत पडून आहेत. वाळवी लागायच्या आत कोणाच्या कामी आले तर मला फार बरं वाटेल.

पेंटर_३८वर्षे

सोपा काय, डोळे मिटून उचलतो! कागद घेऊन या.

वूचमध्ये_सध्या

मी मूळचा बाळीवेशीतला, सध्या शिकायला पोलंडमध्ये वूच शहरात आहे. धागा दोनदा वाचला. थोडं लांबेल, चालवून घ्या.

वूच म्हणजे इथलं सोलापूरच. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांनी वाढलेलं गाव. पोझनान्स्की, शायब्लर, गेयर असे गिरणीमालक, विटांच्या लाल इमारती, कामगारांच्या चाळी. १९८९ नंतर सरकारी गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पोझनान्स्कीच्या गिरणीत २००६ साली ‘मानुफाक्तुरा’ नावाचा भलामोठा बाजार सुरू झाला. गेयरच्या पांढऱ्या गिरणीत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे. आत साचे आहेत आणि काही चालूही करतात. पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा मी दत्तनगरमधल्या मामाच्या घरी पोचलो होतो.

इथल्या जुन्या इमारतींच्या कडेच्या भिंतींना खिडक्याच नसतात, कारण शेजारी दुसरी इमारत चिकटून उभी राहणार असं धरलेलं असायचं. ती कधी बांधलीच गेली नाही किंवा पुढं पडली. त्यामुळं चार-पाच मजली कोऱ्या भिंती गावभर. समाजवादी राजवटीत त्यांच्यावर सरकारी दुकानांच्या आणि कारखान्यांच्या जाहिराती रंगवल्या जायच्या. त्यातल्या काही फिक्या होऊन अजून आहेत आणि लोक त्यांची नोंद ठेवतात. २००९ पासून एका संस्थेनं जगभरचे चित्रकार बोलावून या भिंती रंगवून घेतल्या. ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रानं २०१४ साली पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन काढला, तो याच गावात १८८७ मध्ये जन्मला. कोब्राचे गांधीजी तुम्ही चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर पाहिले असतील.

पण मला सगळ्यात आवडलेली जागा रंगाची नाहीच. पियोत्रकोव्स्का या मुख्य रस्त्यावर ३ नंबरच्या वाड्यात शिरलं की आतल्या चौकाच्या भिंती आरशांच्या तुकड्यांनी मढवल्या आहेत. योआन्ना रायकोव्स्का या कलावतीनं हे केलं. तिच्या लेकीला, रूझाला, डोळ्याचा कर्करोग झाला होता. उपचारानंतर तिला जग जसं तुकड्या-तुकड्यांनी दिसायला लागलं, तसा तो चौक. ढगाळ दिवशी सगळा वाडा राखाडी होतो. ऊन आलं की डोळे दिपतात. मी तिथं पाऊण तास बसून होतो.

कामगारपोर यांचं वाचून माझ्या घरमालकीणबाई आठवल्या. त्या सूतगिरणीत वीस वर्षं होत्या. मी मोठ्या कौतुकानं त्यांना चित्रांचे फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, रंग छान आहेत, पण आमच्या खात्यातल्या बाया यात कुठंच नाहीत. मला पुढं काही बोलता आलं नाही.

दगडमाती

मी बांधकामातली आहे, जुन्या वास्तूंचं काम करते. दोन गोष्टी तातडीनं सांगाव्याशा वाटतात, कारण पोरांनी बेस मारला की मग उपयोग नाही.

जुन्या मिलच्या आणि चाळींच्या भिंती काळ्या दगडाच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतली ओल वर चढते आणि अंगातून बाहेर पडते. तिच्यावर प्लॅस्टिकसारखा रंग थापला की ओल आत कोंडते, त्याबरोबर क्षार साठतात, लोणा फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंग चुन्यासकट गळून पडतो. म्हणजे चित्रही जातं आणि खालची जुनी अक्षरंही. अशा भिंतीवर चुन्याचा रंगच द्या, त्यात गेरू, निळ, पिवडी घाला. घडीव दगडावर तर काहीच काढू नका, हात जोडून सांगते. अलीकडच्या सिमेंटच्या गिलाव्यावर, कंपाउंडवर, पाण्याच्या टाकीवर हवं ते काढा. तिथं बाहेरचा अॅक्रिलिक रंग चालतो. फक्त गिलावा पूर्ण सुकलेला हवा. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात भिंत इतकी तापते की ब्रश फिरायच्या आत रंग सुकतो, म्हणून काम सकाळी नाहीतर दिवाळीनंतर.

आणि परवानगी. भिंतीच्या मालकाकडून लेखी घ्या, महापालिकेलाही कळवा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. चांगल्या हेतूनं काढलेल्या चित्रासाठी पोरांना चौकीत बसायला लागू नये.

पंढरपूरकर

जिल्ह्याचं म्हणून सांगतो. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, आणि मुंबईत त्यांनी आधी सिनेमाची बॅनरं रंगवली. पेंटरकाका, तुमची जात एकच.

साखरपेठी

रविवारचा वृत्तांत.

अकरा जण आलो. सहा वाजून चाळीस मिनिटांनी कन्ना चौकातून निघालो आणि साडेनऊला ऊन सोसेना तेव्हा थांबलो. जे दिसलं त्यातलं थोडंच लिहिते.

उस्तादांची भिंत आधी. भवानी पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर. फक्त ‘दळण’ एवढा शब्द आणि बाण. पण तो ‘द’ बघून आम्ही सगळे गप्प झालो. पोट इतकं भरदार आणि शेपूट इतकी बारीक, एका फटक्यात ओढलेली. पेंटरकाकांनी बोट न टेकवता हवेतच तो फटका परत काढून दाखवला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. गिरणीवाले आतून बाहेर आले आणि म्हणाले, वडिलांच्या वेळची आहे, रंगवायला कितीदा लोक आले, मी हात लावू दिला नाही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मनानं त्यांनी ती जपली.

पुढं एका बोळात तेलुगू पाटी मिळाली, तिच्याखाली त्याहून जुनी कन्नड पाटी. पूर्वभाग यांनी वरची वाचली, कापडदुकान. खालची वाचायला बोळातल्याच एका आजोबांना हाक मारली. तेही कापडदुकानच निघालं. मालक बदलला, भाषा बदलली, धंदा तोच.

चार हुतात्म्यांचे चेहरे दोन ठिकाणी मिळाले. एकीकडं जगन्नाथ शिंदे यांच्या चेहऱ्यावर विजेच्या मीटरची पेटी ठोकली आहे. त्या घरच्यांशी बोललो. पेटी हलवायला ते तयार आहेत, पुढचं बघते.

मंडळाची पोरंही आली होती. त्यांनी ठरवलंय की जुन्या चुन्याच्या भिंतीला हात लावायचा नाही. शाळेच्या सिमेंटच्या कंपाउंडवर नान्नांचा मोर चढणार. पहिला चौकोन पूर्वभाग भरणार.

आणि शेवटी ती पावसातली भिंत. घरमालकांनी आनंदानं परवानगी दिली, आतून फवारापंपही आणून दिला. हलकं पाणी मारलं. अक्षरं आली, पण मधला गिलावा गळलाय. जे उरलंय ते असं:

…ळ्यांचा …बा मि…
भोंग्या… अर्… …स …

होटगीरोड यांना ‘माळ्यांचा’ वाटतंय. कोणी म्हणालं औषधाची जाहिरात, डोळ्यांचा काहीतरी. पण मग भोंगा कशाला? पेंटरकाका म्हणतात अक्षर सत्तरच्या दशकातलं असावं, वळणावरून. फोटो खाली लावते. कोणाला लागतंय का बघा.

होटगीरोड

फोटोचा उजेड वाढवून पाहिला. पहिल्या ओळीच्या आधी आणखी एक शब्द आहे, शेवटचं अक्षर ‘ही’ किंवा ‘न्ही’. त्यापुढं गाडी जात नाही.

कामगारपोर

मी आलो नव्हतो. यायचं नव्हतंच. पण फोटो वडिलांना दाखवला. ते आता ८१ वर्षांचे आहेत, मोतीबिंदू झालाय, मोबाईल नाकाला लावून बघतात. त्यांनी वाचलं नाही. त्यांनी म्हणून दाखवलं, थांबायला लागलं नाही.

“तिन्ही पाळ्यांचा डबा मिळेल. भोंग्याआधी अर्धा तास या.”

एक अक्का ती खाणावळ चालवायच्या. नवरा मिलमध्येच होता, तो गेल्यावर त्यांनी चूल मांडली. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी, आणि सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. बाबा लग्नाआधी चार वर्षं तिथं जेवले. रात्रपाळीचा डबा कापडात बांधून खिडकीत ओळीनं ठेवलेला असायचा, प्रत्येकाच्या गाठीला वेगळ्या रंगाचा दोरा. मिलमधूनच आणलेले दोरे. बाबांचा हिरवा होता.

हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मिल म्हटलं की घरात फक्त बंद पडल्याचंच बोलणं व्हायचं. काल ते दोन तास बोलत होते. आई म्हणाली, हे तर मलाही नवीन आहे.

आता सकाळपासून विचारतायत, ती भिंत खिडकीच्या कुठल्या अंगाची, डाव्या की उजव्या. त्यांना येत्या रविवारी घेऊन यायचं म्हणतोय. फार चालवत नाही. गल्लीत रिक्षा आत येते का?

साखरपेठी

वळणापर्यंत येते. पुढं चाळीस पावलं आहेत. मी घरमालकांकडून खुर्ची मागून ठेवते आणि फवारापंप भरून ठेवते. भिंत उजव्या अंगाची आहे. खिडकी बुजवलीय, पण चौकट दिसते.

पेंटर_३८वर्षे

मी येतो. बाबांना त्या दोऱ्यांचे रंग आठवत असतील तेवढे विचारून लिहून ठेवा.